रेंज येईपर्यंत

पहिल्या तासाला भिरूड मॅडमनी फळ्यावर लिहिलं: वस्तू.
बाकी काही नाही.
मग विचारलं, ही बोलली तर काय सांगेल?
मागून कोणीतरी म्हणालं, बाक बोलला तर शिव्या देईल.
हसलो सगळे. गिरणेवरचा वारा
बांभोरीच्या त्या लॅबची सैल काच वाजवत होता.
मॅडम म्हणाल्या, चला, निदान ऐकायची तयारी आहे.

काडेपेटीएवढा बोर्ड, दोघांत एक.
माझ्या वाट्याला दिलवर पावरा आला, धडगावच्याही वरचा,
आणि त्याच्या वाट्याला मी, अमळनेरची, फटकळ.
एलईडीचा लांब पाय प्लसला, आखूड ग्राउंडला,
एवढं पाठ करूनही मी तीनदा उलटा लावला.
तो काही बोलला नाही. नुसते पाय फिरवले.
दिवा लागला, विझला, लागला.
मी घरी व्हिडिओ पाठवला. आई म्हणे,
येनासाठे तुनी फी भरी का व?

दुसऱ्या आठवड्यात सेन्सर बोलायला लागला
आणि पडद्यावर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, सांडलेले खिळे.
तासभर वायरी उपसल्या.
चूक एवढीच, की तो एक लाख पंधरा हजार दोनशेने बोलत होता
आणि मी नऊ हजार सहाशेने ऐकत होते.
दिलवर पहिल्यांदा हसला.
म्हणाला, पहिलीत मला मराठीचं पुस्तक असंच दिसायचं.

मग क्लाउड, डॅशबोर्ड, दर दोन सेकंदांना आकडा:
लॅबचं तापमान, लॅबचं तापमान,
लॅबचं तापमान.
त्याने हात वर केला, अख्ख्या सेमिस्टरमध्ये एकदाच.
मॅडम, रेंज नसेल तर वस्तू काय करते?
मॅडमनी खडू दुसऱ्या हातात घेतला.
नोंद ठेवते, म्हणाल्या. सोबत वेळ लिहून ठेवते.
आणि थांबते.

होळीच्या आधी, भोंगऱ्याच्या बाजाराला तो गावी गेला.
मिठाच्या जुन्या बरणीत बोर्ड, उजेड मोजणारा तुकडा,
घड्याळाची चिप, मेमरी कार्ड, चार सेल.
आणि बरणी तिथेच ठेवून आला, चुलीसमोरच्या कुडाला टांगून.
धाकटा भाऊ बाजाराला निघाला की
ती पिशवीत घालून चढावरच्या मोहाखाली नेणार,
हॉटस्पॉट लावणार, एक विडी संपेपर्यंत.
(विडीचं मला सांगू नको म्हणाला होता.)

एका गुरुवारी प्रॅक्टिकल संपता संपता
रिकामा आलेख एकदम भरायला लागला,
सहा दिवस एका मिनिटात.
मला नुसते चढउतार. तो बोट ठेवून वाचत होता.
तीन बावीस, आई उठली.
तीन वीस.
साडेसहा, दार उघडलं.
आणि हा खड्डा? मी विचारलं.
बाबा. समोर उभे राहून बघत असतील, हे काय टांगलंय.

मग सोमवारची रात्र. रेघ खाली आलीच नाही.
अकराला उजेड, एकला उजेड, चारला उजेड.
त्याचं बोट तिथेच राहिलं.
काय झालं असेल?
उजेड होता, तो म्हणाला. एवढंच येतं यातून.
फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर.
सपकाळे काका चाव्या वाजवत दारात आले.
आम्ही पंखे बंद केले, बोर्ड नाही.

बसस्टॉपवर आईचा फोन, रोजच्या वेळेला:
जेवनी का?
दुपारपासून पोटात काही नव्हतं.
हो म्हणाले.

पुढच्या बाजाराला कळलं, गाय व्यायली होती. पाडी.
जर्नलमध्ये त्याने आधी लिहिलं होतं, कारण अज्ञात.
ते एका रेघेने खोडून वर बारीक अक्षरात: पाडी, पांढऱ्या कपाळाची.
मॅडमनी तपासताना शेजारी लाल पेनाने विचारलंय,
कपाळ कोणत्या सेन्सरने?